नेमबाजाचे कान

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. सोलापुरातील एखाद्या मुलालाही नेमबाजीची ओढ लागली, तर ती स्वागतार्हच आहे. मात्र रायफल आणि जॅकेटच्या खर्चाचा हिशेब मांडणारे पालक कानांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतात.

यंत्रमागाच्या खडखडाटाने कान जातात, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. माग जे वर्षानुवर्षांत करतो, ते बंदुकीचा बार क्षणात करू शकतो. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते, ०.२२ बोअर रायफलीचा बार १४० च्या आसपास जातो, मोठ्या पिस्तुलाचा त्याहून वर. बंदिस्त केंद्रात भिंती तोच आवाज परत फेकतात. अंतःकर्णातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

म्हणून तेथे नित्य सराव करणाऱ्याने कानात फोमचे इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही वापरावेत. दोहोंच्या क्षमतांची बेरीज होत नाही. दुसऱ्यामुळे जेमतेम पाच डेसिबलची भर पडते, पण तीही मोलाची. प्लग वळून, कान वर ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरावा. चष्म्याच्या काडीमुळे मफची गादी उचलली जाते. जाड मफ दस्त्याला अडतो, तेव्हा रायफलवाल्याने पातळ घ्यावा. किमतीपेक्षा बसणे महत्त्वाचे. कापूस निरुपयोगी. मागे बाकावर बसणाऱ्या आईसाठीही एक जोड घ्यावा.