कोडे कोणी घालावे?

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा जवळ आली की गणिताची उजळणी सुरू होते. उजळणी म्हणजे काय, तर जुन्या प्रश्नपत्रिका काढायच्या आणि तीच ती उदाहरणे पुन्हा सोडवायची. हात बसण्यासाठी हा सराव लागतो, यात शंका नाही. परंतु सहावी ते आठवीच्या गणिताची खरी उजळणी व्हायची असेल, तर विद्यार्थ्यांनी कोडी नुसती सोडवू नयेत, ती स्वतः रचावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकातील उदाहरण तपासूनच तुमच्यापर्यंत येते. त्याला उत्तर आहे आणि ते एकच आहे, हे लेखकाने आधीच पाहिलेले असते. त्यामुळे ‘याला उत्तर आहे तरी का?’ हा प्रश्न सोडवणाऱ्याच्या मनात उभाच राहत नाही. कोडे रचणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

एक साधे कोडे पाहू. आमच्या तळवडे भागात नट-बोल्ट घरोघरी माहीत आहेत. समजा, एका मुलीने असे कोडे रचले : ‘डब्यातील नटांच्या पाच-पाचच्या पुड्या बांधल्या तर २ नट उरतात, सात-सातच्या बांधल्या तर ३ उरतात. डब्यात नट किती?’ तिचे उत्तर १७. शेजारीण म्हणते ५२, तर तिसरी म्हणते ८७. पडताळून पाहा, तिघींचे बरोबर आहे! दर वेळी ३५ ची वाढ का? कारण ५ आणि ७ यांचा लसावि ३५ आहे. तेवढे नट वाढवले तरी बाकी बदलत नाही. आता ‘नट ३५ पेक्षा कमी आहेत’ ही अट घातली की उत्तर एकच उरते. लसाविची व्याख्या पाठ करून जे हाती लागत नाही, ते कोडे दुरुस्त करताना लागते.

आता दुसऱ्या मुलाचे कोडे घ्या : ‘पाच-पाचच्या पुड्या केल्या तर २ उरतात, दहा-दहाच्या केल्या तर ३ उरतात.’ पहिल्या अटीप्रमाणे संख्येच्या एकं स्थानी २ किंवा ७ हवा; दुसरीप्रमाणे ३ हवा. अशी संख्या असणारच नाही. कोडे फसले, पण विभाज्यतेची उजळणी मात्र झाली.

तळवडे-चाकण पट्ट्यातील लहान वर्कशॉपमध्ये भोकाचा व्यास तपासायला ‘गो-नो गो’ गेज वापरतात. गेजचे एक टोक भोकात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठे, एकही गेले नाही तर लहान. कोड्याच्याही अशाच दोन चाचण्या आहेत. एक उत्तर निघाले पाहिजे आणि दुसरे निघता कामा नये. हे गेज ज्याने स्वतःच्या हाताने लावले, त्याला तो धडा पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

ही काही परदेशी कल्पना नव्हे. वर दिलेल्या नटांच्या कोड्यासारखे प्रश्न सोडवण्याच्या आपल्या जुन्या रीतीला ‘कुट्टक’ म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अलीकडचे उदाहरण देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे. त्यांनी साध्या वजाबाकीला नवा प्रश्न विचारला. चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हीच कृती पुढे चालवा. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७; पुढे ८७३० – ०३७८ = ८३५२; मग ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. १९४९ साली सापडलेली ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी लागते ती प्राथमिक शाळेतील वजाबाकी. विलक्षण होता तो प्रश्न.

शिक्षक बंधु-भगिनी विचारतील, ‘अभ्यासक्रम संपत नाही, यासाठी वेळ कोठून आणायचा?’ शंका रास्त आहे. म्हणून सुचवतो की, सत्राच्या शेवटी उजळणीच्या तासांपैकी तीनच तास यासाठी द्यावेत. पहिल्या तासाला प्रत्येकाने एका धड्यावर एक कोडे कार्डावर लिहावे. मागे उत्तर, रीत आणि सोडवणारा कोठे चुकेल याचा अंदाज द्यावा. उदाहरणार्थ, अपूर्णांकांच्या कार्डावर १/२ + १/३ = २/५ असे मांडून चूक शोधायला सांगावे. २/५ हे तर १/२ पेक्षाही लहान! भर घालून रक्कम घटली कशी? दुसऱ्या तासाला कार्डांची अदलाबदल करावी. तिसऱ्या तासाला फसलेली कोडी दुरुस्त करावीत आणि गुण द्यावेत ते या दुरुस्तीला. चमकी लावलेला, घरच्या मोठ्यांनी करून दिलेला पुठ्ठ्याचा प्रकल्प शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडतो. त्यापेक्षा चार वेळा खोडलेले कार्ड कितीतरी मोलाचे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीत अडखळणारे अनेक विद्यार्थी न्यूटनच्या नियमांशी अडत नाहीत. अपूर्णांक आणि गुणोत्तर यांच्याशी अडतात. पुढे तेच ‘मला विज्ञान जमत नाही’ असे म्हणून वाट बदलतात. ही गळती आठवीतच रोखता येईल. शिवाय प्रयोगशाळेत प्रश्न तयार मिळत नाहीत. कोणती माहिती पुरेशी आणि कोणती परस्परविरोधी, हे तेथे स्वतःच ठरवावे लागते.

तेव्हा मित्रांनो, या आठवड्यात एक कोडे रचा आणि ते वर्गातील सर्वांत चिकित्सक मित्राच्या हाती द्या. त्याने त्याला दुसरे उत्तर शोधून काढले तर रागावू नका. तुमची उजळणी तेथूनच सुरू होते.