रजा मिळाली, पद गेले

प्रसूतीची रजा संपवून स्त्री कामावर परतते. पगार तोच असतो. पण हिशेबाचे टेबल दुसऱ्याकडे गेलेले असते आणि तिच्या हाती आवक-जावक नोंदवही येते. रजेमुळे सेवाशर्ती तिला प्रतिकूल होतील अशा रीतीने बदलण्यास १९६१ च्या कायद्याने मनाई केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेचे छत्र जेथे नाही, तेथे या रजेचे वेतन मालकानेच द्यायचे असते. साहजिकच, स्त्री कर्मचारी त्याला जमाखर्चातील बोजा भासते. मातृत्वाचे फळ समाजाला मिळते, तर त्याचा भारही विमानिधीद्वारे समाजानेच वाटून घ्यावा. आणि पूर्वपदावर परतण्याचा हक्क कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत द्यावा. पद हिरावणारी रजा ही सवलत नव्हे, शिक्षाच होय.