पडसे आणि घसा

मार्गशीर्ष लागला की बीदरच्या पठारावर गार वारे सुटते आणि आमच्या प्रार्थनेच्या रांगांतून शिंका ऐकू येऊ लागतात. मराठी घरातला मुलगा ‘पडसे झाले’ म्हणतो, कानडी घरातला ‘नेगडी’, दखनी बोलणारा ‘जुकाम’. नावे तीन असली तरी कारणाविषयी तिन्ही घरांचे एकमत असते : चिंचा, बोरे आणि गार पाणी!

बोरे बिचारी निर्दोष आहेत. पडसे होते ते विषाणूंमुळे. त्यांतील प्रमुख जो ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच एकदा होऊन गेलेले पडसे पुनःपुन्हा गाठते. शिंकेच्या तुषारांतून ते पसरते, तसेच नाक पुसलेल्या हातांतूनही. थंडीत दारे-खिडक्या लावून आपण दाटीने बसतो, हे त्याच्या पथ्यावरच पडते. आठ-दहा दिवसांत ते आपसूक ओसरते. अँटिबायोटिक गोळ्यांचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही; तरी दुकानातून दोन-चार आणून देण्याची चाल भालकी काय, आळंद काय, सर्वत्र आहेच. त्यापेक्षा आजीचा सुंठीचा काढा बरा; घशाला ऊब तरी मिळते.

परंतु प्रत्येक घसा पडशाचा नसतो, हे आम्ही उशिरा शिकलो. गतवर्षी आठवीतील एक मुलगी ‘गिळवत नाही’ म्हणत आली. अंगात ताप होता. नाक वाहत नव्हते, खोकलाही नव्हता. ‘चिंचा खाल्ल्यास ना?’ असे दटावून आम्ही तिला घरी धाडले. घसा चार दिवसांत निवला. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला, तो उतरतो तोच घोटा. पुढे चालताना धाप लागू लागली. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी निदान केले : घसा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूने धरला होता, त्यातून संधिज्वर उद्भवला आणि हृदयाची झडप दुखावली. जीवाणूशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटते, ते असे.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप, गिळताना वेदना, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि खोकला मात्र नाही, असे दिसल्यास पालकांनी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. येथे पेनिसिलिन खरोखरच गुण देते. १९५५ साली पिंपरीच्या कारखान्यात ज्याचे उत्पादन सुरू झाले, तेच हे औषध. गोळ्या दिल्यास त्या पूर्ण दहा दिवस घ्यावयाच्या. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून उरलेल्या फडताळात ठेवून द्यावयाच्या नाहीत.

ती मुलगी आता नववीत आहे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनासाठी तिला तालुक्याच्या दवाखान्यात जावे लागते, आणि हे अजून कित्येक वर्षे चालावयाचे आहे. त्या दिवशी हजेरीपटावर तिची गैरहजेरी आम्ही मांडत नाही.