काळा धूर फोटोत छान दिसतो

रेल्वेवेड्यांना डिझेल इंजिनाचा कोणता फोटो सर्वांत आवडतो? गाडी सुटताना डोक्यावर काळ्या धुराचा लोट सोडणाऱ्या इंजिनाचा. माझ्या संग्रहातही असे फोटो ढीगभर आहेत. इतवारी-नागभीड नॅरोगेजवर कुही, उमरेड, भिवापूर या स्थानकांत कॅमेरा घेऊन आम्ही त्या क्षणाची वाट बघायचो. रुळांमध्ये जेमतेम अडीच फुटांचे अंतर असलेली ही लाईन शंभरहून अधिक वर्षे चालली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यावरच्या झेडडीएम इंजिनांची आठवण अजून येते. त्यांचा धूर गेला, याचा मात्र मला आनंदच आहे.

तो लोट येतो कुठून? उभी गाडी ओढायची तर चालक इंधन वाढवतो. इंधन लगेच वाढते, पण जास्तीची हवा आत ढकलणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते आणि कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, तसेच हे. फोटोत जी ताकद वाटते, ती खरे तर ही काजळी असते.

तिचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकेतल्या सुमारे ५५ हजार रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गाडीवर काम करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त आढळले. नोकरीची वर्षे वाढली तसा धोका वाढताना मात्र त्यात दिसला नाही, हेही सांगायला हवे. असे प्रश्न एका अभ्यासाने सुटत नसतात.

आम्ही हौशी लोक त्या धुरात पाच मिनिटे उभे राहत होतो, तेही वाऱ्याची दिशा बघून. लोको पायलट, त्याचा सहायक, शेडमध्ये चालू इंजिनाखाली वाकणारा फिटर यांना तशी निवड नव्हती. शेडचे छप्पर धूर कोंडून धरते. तिथे आठ तासांची पाळी आणि तीस वर्षांची नोकरी, हा हिशेब वेगळाच आहे.

विजेवरची गाडी आली की प्रश्न मिटला, असे समजणारे बरेच आहेत. आपल्याच जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आहेत, तेव्हा धूर पुरता गेलेला नाही. तरी उंच चिमणीवर धूळ पकडणारी यंत्रणा बसवता येते आणि तिच्यावर नजर ठेवता येते. चालकाच्या नाकाजवळच्या धुराड्याबाबत ते फार अवघड होते. पण ज्यांनी तो धूर आधीच छातीत घेतला, त्यांचे काय? फुप्फुसाचे आजार वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतात. इंजिने भंगारात गेली तरी त्यांचा परिणाम अजून बाकी असू शकतो.

लोको पायलटच्या डोळ्यांची तपासणी रेल्वे काटेकोरपणे करते. डिझेलवर काम केलेल्या निवृत्तांची तशीच काटेकोर फुप्फुस तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी. नळीत जोराने फुंकायची ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, खर्चही फारसा नसतो. सोबत कोण कोणत्या शेडमध्ये किती वर्षे होता, याची नोंद हवी. ती जुन्या हजेरीवह्यांत सापडेल. आमच्या फोटोंवर तारखा आहेत, इंजिनांचे क्रमांक आहेत. कोणते इंजिन केव्हा किती धूर सोडत होते, हे त्यावरून दिसते. कोणी डॉक्टर हे काम हाती घेणार असतील तर संग्रह उघडा करून द्यायला माझ्यासारखे अनेक जण तयार होतील. हजेरीवह्या मात्र रद्दीत जाण्याआधी शोधाव्या लागतील.