भाकर टाकता, मग लस?

रात्रीच्या एसटीने शिरपूर जैनला उतरलात, तर स्वागताला आधी कुत्रीच येतात! अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. कुत्र्याला भाकर टाकणारे बरेच. पण तेच कुत्रं कोणाला चावलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "आपलं थोडंच आहे ते!"

मग कोणाचं? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम, पाळलेल्याचं मालकाचं. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की शाळा-कॉलेज, दवाखाने, बसस्टँड इथली कुत्री उचला, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, तिथे परत सोडू नका.

आदेश ठीक. पण ऑपरेशनची खोली, प्रशिक्षित डॉक्टर, पिंजरे, रोजचं खाणं हे एकट्या ग्रामपंचायतीला कसं झेपणार? माझं मत असं, की मालेगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी मिळून एकच केंद्र चालवावं आणि जिल्हा परिषदेने पैसा द्यावा. रेबीजची साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. दहा कुत्री पकडून फोटो काढल्याने काहीच होत नाही.

आणि आपण इंजिनिअर? सुट्टीत आपापल्या गावातली कुत्री तरी मोजू, कारण आकडाच नसेल तर ७० टक्के काढणार कशाचे? चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-मिरची भरू नका, लगेच दवाखाना गाठा.

भाकर टाकताय ना? मग एकदा लसही टोचून आणा की राव!