पित्ताशयाला शाळेच्या सुट्ट्या कळत नाहीत

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. काहींना राग येईल. तो खाली कमेंटमध्ये जरूर काढा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग काढा.

एप्रिल-मे उजाडला की आपल्या ग्रुपांवर एक प्रश्न ठरलेला असतो. "सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. इथले डॉक्टर काहीच करत नाहीत. जुलैत पुण्याला चाललोच आहोत, तर तिकडेच उरकून घेऊ का?" खाली धडाधड उत्तरं येतात: हो हो, उरकून टाक. कोणी हॉस्पिटल सुचवतं, कोणी पॅकेजचा आकडा देतं, कोणी सांगतं की आमच्या वहिनी तिसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडला खरेदीला गेल्या होत्या.

मी डॉक्टर नाही. चार्टर्ड अकाउंटंट आहे. दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हा माझा धंदा, आणि हा "उरकून घेऊ"चा हिशेब माझ्या मते सपशेल चुकीचा मांडलेला आहे. ऑपरेशनची तारीख विमानाच्या तिकिटावरून ठरवायची नसते. का, ते सांगते.

पित्ताशयातले खडे ढोबळमानाने तीन प्रकारांनी वागतात.

पहिला, गप्प बसलेला खडा. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि सापडला. दुखत नाही, खुपत नाही. असे खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, म्हणून जर्मनीतली वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की असं पित्ताशय सरसकट काढू नका. अपवाद आहेत: खडा तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा असणं, पित्ताशयाची भिंत चुन्यासारखी कडक होणं, सोबत मोठा पॉलिप असणं. बाकीच्यांना हाउसआर्ट्स्ट म्हणतो, "काही करायचं नाही, त्रास झाला तर या." आपण घरी येऊन सांगतो, "या लोकांना काही येत नाही, चहा प्या म्हणतात." अहो, न कापणं हाही वैद्यकीय निर्णयच असतो! बिल आलं नाही म्हणून सल्ला फुकटचा ठरत नाही.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट. पित्ताशयाला सूज आली, ताप आहे, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही. इथे जुलैची वाट बघणं म्हणजे आगीशी खेळ. यावर जर्मनीतच मोठा अभ्यास झाला आहे. हायडेलबर्गच्या सर्जनांचा त्यात पुढाकार होता आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ६१८ रुग्ण होते. एका गटाचं ऑपरेशन दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत केलं. दुसऱ्या गटाला आधी अँटिबायोटिक दिलं आणि ७ ते ४५ दिवसांच्या दरम्यान ऑपरेशन केलं. पहिल्या गटात ११.८ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, दुसऱ्या गटात ३४.४ टक्के. जवळजवळ तिप्पट. आणि दुसऱ्या गटातले लोक डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबले होते, व्हिसा आणि बॅगा सांभाळत नव्हते.

तिसरा प्रकार मधला. तेलकट-तुपकट खाल्लं की कळ येते, उजव्या खांद्यामागे जाते, तास-दोन तास जीव नकोसा करते आणि थांबते. हे दुखणं पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून इथे ठरवून ऑपरेशन करणं योग्य. पण ते सोयीच्या जवळच्या तारखेला. फेब्रुवारीत कळा सुरू झाल्या आणि शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून पाच महिने वरण-भात खाऊन ढकलायचे, हा उपचार नव्हे. त्या पाच महिन्यांत एखादा खडा घसरून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. मग ते साधं ऑपरेशन साधं राहत नाही.

आता सांगा, यातल्या कुठल्या खड्याला जुलैचं तिकीट लागतं? पहिल्याला ऑपरेशनच नको. दुसऱ्याला आज रात्री हवं. तिसऱ्याला पुढच्या काही आठवड्यांत. सुट्टीतलं ऑपरेशन फक्त आपल्या कॅलेंडरला सोयीचं असतं.

"पण इंडियात लॅप्रोस्कोपी भारी करतात, इकडे अजून कापतात" असं कोणीतरी लिहितंच. मंडळी, पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १५ जुलै १८८२ ला बर्लिनच्या लाझारुस हॉस्पिटलात कार्ल लांगेनबुख यांनी केलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १२ सप्टेंबर १९८५ ला एरिख म्यूहे यांनी केलं, तेही बोब्लिंगेनला, स्टुटगार्टच्या शेजारी. तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही, १९९२ मध्ये मात्र जर्मन सर्जनांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला. भारतही मागे नव्हता. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्येच मुंबईच्या जे.जे.मध्ये हे ऑपरेशन केलं. तेव्हा कौशल्य दोन्हीकडे आहे. पुण्या-मुंबईचे सर्जन उत्तमच आहेत, माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी विमानात बसण्याशी.

कारण ऑपरेशन टाके घातले की संपत नाही. पित्त गळायला लागलं तर ते बऱ्याचदा काही दिवसांनी लक्षात येतं. पोटाच्या ऑपरेशननंतर लांबचा विमानप्रवास केला तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि फ्रांकफुर्टला उतरल्यावर पोटात दुखलं, तर इथल्या नोटआउफनामेतल्या डॉक्टरकडे तुमच्या ऑपरेशनचा एक कागद नसतो. तो उपचार करेल, पण अंधारात चाचपडत. ज्याने पोट उघडलं तो सात समुद्रांपलीकडे.

आता माझ्या धंद्याची भाषा. तुमचं पगारपत्रक उघडा. सरकारी क्रांकनकासेला पगाराच्या १४.६ टक्के जातात, वर त्सुझाट्सबायट्राग. निम्मं तुम्ही भरता, निम्मं कंपनी. याच्या बदल्यात इथे ऑपरेशन झालं तर हॉस्पिटलात दिवसाला १० युरो तुमचे, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, नंतर क्रांकनगेल्ड सुरू होतं. भारतात ठरवून केलेल्या ऑपरेशनचे क्रांकनकासे पैसे देत नाही. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार आहे खरा, पण तो पेन्शनपुरता. प्रवासाचा विमाही ज्या उपचारासाठी गेलात त्याचे पैसे देत नाही. म्हणजे प्रीमियम इथे भरायचा, बिल तिथे भरायचं आणि रजा स्वतःची घालवायची. माझ्या एखाद्या क्लायंटने असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवून विचारलं असतं, बाबा रे, का?

जर्मन व्यवस्थेची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. २००४ पासून इथे हॉस्पिटलला केसमागे ठरावीक रक्कम मिळत आली आहे, त्यामुळे जास्त ऑपरेशनं केली की जास्त कमाई, हा मोह इथेही आहे. म्हणूनच २०१५ मध्ये दुसऱ्या मताचा हक्क कायद्यात आला आणि २०२३ च्या जानेवारीपासून पित्ताशयाचं ठरवून केलेलं ऑपरेशन त्या यादीत आहे. ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरने निदान दहा दिवस आधी तुम्हाला हा हक्क तोंडी सांगायचा असतो. दुसऱ्या डॉक्टरचे पैसे क्रांकनकासे भरते, आणि मत देणारा तुमचं ऑपरेशन स्वतः करू शकत नाही. ऑडिटर स्वतंत्र असावा लागतो, तसंच आहे हे. आपल्यापैकी कितीजणांनी हा हक्क वापरलाय? आपण दुसरं मत व्हॉट्सअ‍ॅपवर मावसभावाला विचारतो.

टर्मिन मिळत नाही, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी. पण त्यावर रडत बसण्यापेक्षा हाउसआर्ट्स्टकडून कोड असलेली उबरवायझुंग मागा आणि ११६११७ वर टर्मिन घ्या. स्पेशालिस्टची वेळ चार आठवड्यांच्या आत मिळायला हवी. डॉक्टर तुमच्या पसंतीचा नसेल, पण असेल.

तुमचा सगळ्यात खरा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. "तिकडे आई आहे." मऊ भात करून देणारं, मुलांना सांभाळणारं, नुसतं पायाशी बसणारं माणूस तिकडे आहे. हे नाकारणारी बाई मी नव्हे. पण आपण त्या एका कारणाला पॅकेजची, लॅप्रोस्कोपीची, "इथल्यांना काही येत नाही"ची कापडं गुंडाळतो. खरं कारण मदत हे असेल तर मदतच मागू या. घरात १२ वर्षांखालचं मूल असेल, आई हॉस्पिटलात असेल आणि घर सांभाळायला दुसरं कोणी नसेल, तर क्रांकनकासेकडून हाउसहाल्ट्सहिल्फं मिळते. दिवसाला ५ ते १० युरो तुमचे. नवऱ्याने त्यासाठी बिनपगारी रजा घेतली तर बुडालेल्या पगाराबद्दलही क्रांकनकासेला विचारता येतं. अर्ज आधी करायचा, नंतर नाही. आणि गणपतीला दीडशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आपल्या मंडळांना एका घरी दहा दिवस डबा पोचवणं जड आहे का?

भाषेचंही तेच. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरने धोके तुम्हाला समजतील असे सांगणं हे २०१३ पासून कायद्यात लिहिलेलं आहे, सही केलेल्या कागदांची प्रत मागण्याचाही हक्क आहे. जर्मन कच्चं असेल तर ग्रुपवरचं कोणी मोठं माणूस सोबत न्या. सहावीतल्या लेकीला दुभाषी करू नका. आईच्या पोटात काय होऊ शकतं, हे भाषांतर करून सांगायचं ओझं तिच्या डोक्यावर नको.

थायरॉइडच्या गाठींनाही हाच हिशेब लागू होतो. २००१-०२ मध्ये जर्मनीत ९६ हजारांवर नोकरदारांची सोनोग्राफी झाली, त्यात तिघांतल्या एकाच्या थायरॉइडमध्ये गाठ किंवा वाढ सापडली. म्हणजे गाठ सापडली की कापा, असं नसतं. आणि कापलीच, तर पहिल्या काही दिवसांत कॅल्शियम उतरू शकतं, आवाज बसू शकतो, गाठीचा तपासणी अहवाल नंतर येतो आणि गोळीचा डोस बरोबर आहे का ते साधारण सहा आठवड्यांनी रक्त तपासून कळतं. इथे बऱ्याच राज्यांत शाळेची सगळी सुट्टीच सहा आठवड्यांची, आणि ती वाढवून मुलांची शाळा बुडवली तर दंड.

कायमचे परत जाणार असाल तर तुमचं गणित वेगळं. तिकडे असतानाच पोट दुखून अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर अर्थातच तिथे करा, कागद सगळे घेऊन या. बाकीच्यांना, विशेषतः बायकांना, हात जोडून सांगते: रोजच्या कळेला "अ‍ॅसिडिटी" म्हणून पँटोप्राझोल गिळत जुलै गाठू नका. ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, काही तासांत न थांबणारी कळ, यातलं काहीही झालं तर थेट नोटआउफनामे किंवा ११२.

आणि पुढच्या वेळी कोणी "उरकून घेऊ का?" विचारलं, तर पॅकेजचा आकडा लिहू नका. तीन प्रश्न विचारा: दुखतंय का? दुसरं मत घेतलंस का? डबा कधीपासून पाठवू?

जुलैत पुण्याला जाच. आंबे संपलेले असतील, पण आई आहे. तिच्याकडे बरं होऊन जा, बरं व्हायला नको.