विधी प्राध्यापकाची सनद

मोहम्मद हिदायतुल्ला, जे पुढे १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, ते १९३५ ते १९४३ या काळात नागपूरच्या विद्यापीठ विधी महाविद्यालयात शिकवीत असत आणि वकिलीही करीत असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा त्यांच्या वकिलीला बारा वर्षे होत आली होती.

आजची व्यवस्था मात्र एकाच बाजूने मोकळी आहे. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येणार नाही, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम ४९ सांगतो, त्यामुळे प्राध्यापकपदी रुजू होणाऱ्याला आपली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. उलट १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसातून तीन तासांपर्यंत विधी शिकविण्याची मुभा दिली आहे. वकिली पूर्ण वेळ मागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चुलानी खटल्यात मान्य केले आणि वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या डॉक्टरला ती नाकारणारा महाराष्ट्र व गोव्याचा नियम वैध ठरविला. या युक्तिवादात तथ्य आहे, कारण न्यायालयाची आणि वर्गाची वेळ एकच असते. नागपूरच्या मनीषनगरात राहून वर्धा मार्गाने वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाणाऱ्या प्राध्यापकाला त्याच दुपारी सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हजर होता येणार नाही आणि अशा ओढाताणीत बुडतो तो तासच.

तरीही संपूर्ण बंदीची किंमत विद्यार्थी मोजतात. उदाहरणार्थ, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पहिला भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून त्यात हॅश मूल्य, म्हणजे नोंदीत फेरफार झाला की बदलणारी सांकेतिक संख्या, नमूद करायची असते. हे प्रमाणपत्र ज्याने कधी दाखल केले नाही आणि त्यावरचा आक्षेप ज्याने कधी परतविला नाही, त्याने ते कलम कितीही तळमळीने शिकविले तरी न्यायालयात ते नेमके कुठे अडते, हे विद्यार्थ्यांना कळत नाही.

म्हणून खुल्या वकिलीची मागणी रास्त नसली, तरी महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात येणाऱ्या गरीब पक्षकारांसाठी विनाशुल्क वकीलपत्र दाखल करण्याची मुभा पूर्णवेळ प्राध्यापकाला मिळालीच पाहिजे आणि नियम ४९ ला तेवढा अपवाद जोडला पाहिजे. विद्यार्थ्यांसह केलेले हे काम साहाय्यक प्राध्यापकाच्या आठवड्याच्या सोळा तासांच्या अध्यापनभारात धरणे मात्र अपरिहार्य आहे, अन्यथा ही मुभा कागदावरच राहील.